अडीच लाख डॉलर आणि रेवडीची कुस्ती

पूलमध्ये, म्हणजे काठीनं बॉल मारून टेबलाच्या खिशात घालायच्या खेळात, पैसा नाही, असं आता कुणी म्हणू नये. 2024 च्या जूनमध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाला नाइन-बॉल पूलची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. एकूण बक्षिसं दहा लाख डॉलरची. जिंकलेल्या फेदोर गोर्स्टला त्यातले अडीच लाख मिळाले, म्हणजे आपले दोन कोटींच्या वर. पुढच्या वर्षी जुलैत त्याच शहरात फिलिपिन्सच्या कार्लो बियाडोनं त्याच गोर्स्टला 15-13 असं हरवलं आणि तेवढीच रक्कम घरी नेली.

ती दुसरी फायनल मी राजारामपुरीतल्या एका तळघरातल्या हॉलमध्ये पाहिली. मोबाइल चॉकच्या डब्याला टेकवून उभा केलेला, भोवती आम्ही सात-आठ जण, आणि बाहेर कोल्हापूरचा जुलै. टेबलाचा दर तासाला दीडशे रुपये. घोळक्यात हॉलमधला सगळ्यात चांगला खेळणारा पोरगाही होता. उद्यमनगरात लेथवर काम करतो. क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाची धातूची टोपी, फेरूल, सैल झाली तर पितळेची नवी स्वतःच मशीनवर काढून आणतो, आमच्याही बसवून देतो. त्याच्या आधीच्या आठवड्यात पुण्यात एक खुली स्पर्धा होती. प्रवेश फी, एसटीचं भाडं, दोन रात्रींची खोली, बुडालेली हजेरी असा हिशोब त्यानं चॉकच्या खोक्यावर पेनानं मांडला होता. साडेसहा हजार. पहिल्या दोन फेऱ्यांत हरणाऱ्याला शून्य. "दादा, पयल्याच फेरीत कोन तगडा आला तर पगाराचा तिसरा हिस्सा गेला की," म्हणाला आणि गेला नाही.

तासाला दीडशे रुपये आणि अडीच लाख डॉलर यांच्या मधे काय आहे? काही नाही. व्यावसायिक पूल आणि बिलियर्ड्सच्या दुरवस्थेवर बोलणारे लोक प्रायोजक नाहीत, टीव्ही नाही, सरकार लक्ष देत नाही असं सांगतात. प्रायोजक अधूनमधून येतात, आणि चांगले गलेलठ्ठ येतात. ते पैसा नेमका शेंड्यावर ओततात आणि बुंध्यापर्यंत थेंब पोचत नाही. हे आम्हा कोल्हापूरकरांना सांगावं लागू नये, कारण उलट बाजूचं उदाहरण आमच्या गावात शंभर वर्षं चाललंय. त्याकडे येतोच.

क्यूच्या खेळांना धनी शोधत फिरायची सवय जुनी आहे. पूलचा मोठ्या टेबलावरचा भाऊ म्हणजे स्नूकर. 1927 मध्ये इंग्लंडच्या जो डेव्हिसनं त्याचं पहिलं जगज्जेतेपद जिंकलं तेव्हा त्याच्या हाती साडेसहा पाउंड पडले. पुढं रंगीत टीव्ही आला, सिगारेट कंपन्यांना जाहिरातीची वाट हवीच होती, आणि 1976 पासून 2005 पर्यंत जागतिक स्पर्धा एका सिगारेटच्या नावानं खेळली गेली. कायदा बदलला, सिगारेट गेली. मग सट्टा कंपन्या आल्या. आता आखाती तेल आलंय. 2024 मध्ये रियाधला एक निमंत्रितांची स्पर्धा झाली, तिथं टेबलावर नेहमीच्या बॉलबरोबर एक सोनेरी बॉल ठेवला. एकाच पाळीत न चुकता 147 गुणांचा पूर्ण ब्रेक करून वर तो सोनेरी बॉल घातला तर आणखी 20 गुण, म्हणजे 167, आणि पाच लाख डॉलर. दीडशे वर्षांच्या खेळाला पाहुण्यांनी हौसेनं एक बॉल चिकटवला आणि कुणी हूं की चूं केलं नाही. लग्नात नवरदेवाच्या फेट्याला नोटा टोचतात, तसलाच प्रकार.

पूलची गोष्ट तर आणखी केविलवाणी. 2005-06 मध्ये केव्हिन ट्रूडो नावाचा टीव्हीवरून वस्तू विकणारा एक अमेरिकन माणूस आंतरराष्ट्रीय पूल दौरा घेऊन आला. बक्षिसाचे आकडे असे जाहीर केले की जगभरचे खेळाडू हरखले. 2006 मध्ये अमेरिकेतल्या रेनोला झालेली स्पर्धा फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसनं जिंकली. पहिलं बक्षीस पाच लाख डॉलर. त्या वेळेपर्यंत पूलमध्ये एवढी रक्कम कुणी ऐकली नव्हती. टाळ्या झाल्या, फोटो झाले, आणि मग कळलं की तिजोरीत पैसेच नाहीत. हप्त्या-हप्त्यानं देतो अशी भाषा सुरू झाली आणि दौरा बुडाला.

रेयेस हा काही साधा खेळाडू नव्हे. लहानपणी मनिलाला काकाच्या पूल हॉलमध्ये राहायचा, रात्री गिऱ्हाईक गेलं की टेबलावरच झोपायचा. 1999 मध्ये कार्डिफला जगज्जेता झाला. आजही निम्म्या जगातले खेळाडू त्याला गुरुस्थानी मानतात. त्याच्या देशातून आजही जगज्जेते निघतात, कारण तिथं गल्लोगल्ली टेबलं आहेत, आणि त्या टेबलांवर रोज संध्याकाळी कुठल्या तरी छोट्या रकमेसाठी सामना चालू असतो. मागं पैसे लावणारा एखादा दुकानदार असतो, समोर शेजारच्या गल्लीतला पोरगा असतो. पुण्यश्लोक प्रायोजकाची वाट कुणी बघत बसत नाही.

पैसा वर साचला की त्यावर मालकी सांगणारेही जमतात. गेल्या दोन-तीन वर्षांत मॅचरूम ही ब्रिटिश कंपनी पूलचा आपला दौरा चालवू लागली आणि पूलच्या जागतिक महासंघाशी तिचं फाटलं. आमच्या मान्यतेशिवायच्या स्पर्धेत खेळाल तर बंदी घालू, अशा धमक्या महासंघाकडून खेळाडूंना गेल्या. मरण खेळाडूचं. कोल्हापूरच्या वाचकाला हे नवीन नाही. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याकडं एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले, एक फुलगावात आणि एक धाराशिवला, कारण कुस्तीच्या दोन संघटना एकमेकींना मानत नव्हत्या. पण गंमत बघा. संघटना भांडत असताना गावोगावचे फड बंद पडले का? एकही नाही. जत्रा आली, हलगी वाजली, मैदान भरलं. पूलमध्ये वरचे दोघे भांडले की खाली सगळंच थांबतं, कारण खाली स्वतःच्या पायावर उभं राहिलेलं काही नाहीच.

आता आपल्या देशाकडं येऊ. स्नूकर जन्माला आलं जबलपूरला, 1875 मध्ये, पावसाळ्यात कंटाळलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. स्वतंत्र भारताचा कुठल्याही खेळातला पहिला वैयक्तिक जगज्जेता बिलियर्ड्समधला: विल्सन जोन्स, पुण्यात जन्मलेला, 1958 मध्ये कलकत्त्याला जिंकला आणि 1964 मध्ये न्यूझीलंडला पुन्हा. मुंबईच्या मायकल फरेरानं तीनदा जग जिंकलं. 1981 मध्ये त्याला पद्मश्री जाहीर झाली, तर गावसकरला पद्मभूषण आणि मला पद्मश्री का, असं विचारून त्यानं ती नाकारली. दोन वर्षांनी सरकारनं मुकाट्यानं पद्मभूषण दिलं. ओम अग्रवालनं 1984 मध्ये डब्लिनला हौशी स्नूकरचं जगज्जेतेपद घेतलं. गीत सेठी हौशी आणि व्यावसायिक दोन्ही बिलियर्ड्सचा जगज्जेता, आणि 1992 च्या व्यावसायिक स्पर्धेत त्याचा 1276 चा ब्रेक. कलकत्त्याच्या कोठारींच्या घरात तर बाप आणि मुलगा दोघे जगज्जेते. आणि पंकज अडवाणी, तोही जन्मानं पुण्याचाच. 2024 च्या अखेरीस त्याच्या नावावर बिलियर्ड्स-स्नूकरच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची 28 जागतिक विजेतेपदं होती.

एवढं वाचून छाती फुगते. माझीही फुगायची. पण यातली बरीच विजेतेपदं इंग्लिश बिलियर्ड्समधली आहेत. तीन बॉलचा तो खेळ आज गांभीर्यानं खेळणारे देश बोटावर मोजता येतात. आपण जगज्जेते आहोत हे खरं, फक्त त्या जगाचा नकाशा फार छोटा आहे. अडवाणीच्या हाताला यानं काही उणेपणा येत नाही. त्याचा हात मी समोर बसून पाहिलाय, लाल बॉलला नुसता धक्का दिल्यासारखा लावतो आणि पांढरा टेबलाच्या कडेच्या तीन रबरी कुशनांवरून फिरून हव्या तिथं, पाळीव मांजरासारखा येऊन बसतो. पण ज्या खेळात शिखर गाठूनही चरितार्थ चालत नाही, तो व्यवसाय म्हणून संपलेला आहे, हे कधीतरी मोठ्यानं म्हणायला हवं. बिलियर्ड्स वाद्यासारखं जपावं, शिकवावं. त्यावर तरुण पोरांनी पोटापाण्याची स्वप्नं बांधू नयेत.

हा खेळ मेला कसा, हेही सांगण्यासारखं आहे. लोक म्हणतात स्नूकरनं मारला. मला वाटतं तो स्वतःच्या पूर्णत्वानं मेला. ऑस्ट्रेलियाचा वॉल्टर लिंड्रम 1932 मध्ये लंडनला जो डेव्हिसविरुद्ध खेळत होता. टेबलाशी गेला आणि 4137 चा ब्रेक करूनच खुर्चीत बसला. तीन बॉल कुशनला चिकटवून ठेवायचे आणि हळूहळू, टुकटुक करत कॅनन मारत, म्हणजे आपल्या बॉलनं बाकीच्या दोघांना टेकत, टेबलभर फिरवायचे, हे तंत्र या मंडळींनी इतकं घोटलं की समोरच्याला तासन् तास क्यू हातात घेऊन बसून राहावं लागे. नियम बदलून बघितले, उपयोग झाला नाही. तिकीट काढून आलेली माणसं उठून गेली. खासबागेच्या कुस्ती मैदानात दोन मल्ल पाऊण तास नुसते एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले की मैदान कसं ओरडायला लागतं, "सोडवा कुस्ती, सोडवा!" त्यातलाच प्रकार. फरक एवढा की कुस्तीवाल्यांनी लोकांचं ओरडणं ऐकलं. वेळ बांधली, गुण आणले, निकालीचा आग्रह धरला.

मग भारतात व्यावसायिक क्यू खेळाडू म्हणजे नक्की कोण? उत्तर गमतीदार आहे. तेल कंपनीतला नोकरदार. राष्ट्रीय स्पर्धेचा निकाल उघडा आणि नावांपुढचं संघाचं नाव वाचत जा. पेट्रोलियम क्रीडा मंडळ, पेट्रोलियम क्रीडा मंडळ, पुन्हा पेट्रोलियम क्रीडा मंडळ. सार्वजनिक क्षेत्रातल्या तेल कंपन्यांनी हे खेळाडू पोसले, त्यांचे उपकारच मानायला हवेत. ही नोकरी नसती तर यातले निम्मे खेळाडू आज कुठं तरी विमा विकत असते. पण ती नोकरी जगज्जेता होण्याच्या उंबरठ्यावर मिळते, त्याच्या आधीची दहा वर्षं कोण सांभाळतं? बाप. आणि बाप सांभाळू शकतो असं घर असलेलीच पोरं तिथवर पोचतात. उद्यमनगरातला पोरगा पोचत नाही.

इंग्लंडच्या व्यावसायिक स्नूकर दौऱ्यावर अडवाणीनं 2012 ते 2014 असे दोन मोसम काढले आणि परत आला. मुंबईचा आदित्य मेहता 2013 मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनच्या फायनलपर्यंत गेला, तिथं चीनच्या डिंग जुनहुईनं त्याला 5-0 नं हरवलं. तरी भारतीय माणूस मानांकन स्पर्धेच्या फायनलला पोचण्याची ती पहिलीच वेळ. ती इंडियन ओपन मग दिल्लीहून मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टणम आणि कोची अशी फिरली, आणि 2019 नंतर झालीच नाही. सहा वर्षांत पाच स्पर्धा, पाच शहरं. एकाही शहरात दुसऱ्यांदा नाही. ज्या गावात गेली तिथं पंचतारांकित हॉटेलात चार दिवस दिवे लागले, बाहेरून आलेले खेळाडू खेळून गेले. स्थानिक हॉलशी तिचा संबंध काय होता? काही नाही. जत्रेतली पाळणेवाली मंडळी येतात आणि जातात, तसं.

आशियाई क्रीडास्पर्धेत 1998 ते 2010 क्यूचे खेळ होते, आपण सुवर्णपदकंही आणली, पुढच्या स्पर्धेला ते वगळले. ऑलिंपिकमध्ये तर कधीच नव्हते. सरकारी यादीत, नोकरीत, अनुदानात खेळाचं वजन याच दोन नावांवरून ठरतं, त्यामुळे त्या दारावर डोकं आपटण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

या सगळ्यात एका माणसाबद्दल कुणी लिहीत नाही. मार्कर. जुन्या जिमखान्यांतला हा शब्द आजही आमच्या हॉलमध्ये चालतो. गुण लावणारा, बॉल रॅकमध्ये भरणारा, क्यूला टिप बसवणारा, टेबल झाडणारा माणूस. साहेबांच्या काळापासून जिमखान्यात सदस्य खेळायचे आणि मार्कर त्यांना शिकवायचा. तो सदस्यांपेक्षा चांगला खेळायचा हे सगळ्यांना ठाऊक असे. पण सदस्यांच्या स्पर्धेत त्याला जागा नसे, कारण तो पगारी. म्हणजे या देशातला खराखुरा पहिला व्यावसायिक खेळाडू तोच, आणि त्यालाच आपण खेळाडू मानलं नाही.

मी ज्याच्याकडून शिकलो तो मार्कर आता साठीच्या पुढं गेलाय. आम्ही त्याला मामा म्हणतो. पावसाळ्यात मामाचं काम बघण्यासारखं असतं. कोल्हापूरच्या जून-जुलैत हवेतलं पाणी टेबलाच्या कापडात उतरतं. स्नूकरच्या कापडाला लव असते, ती फुगते आणि बॉल दोन हात आधीच थांबतो. कुशनचं रबरही सुस्त होतं. परदेशात मोठ्या स्पर्धेच्या टेबलाला कापडाखालच्या दगडी पाटीखालून हीटर असतो. आमच्याकडं मामा. सकाळी दहाला तो येतो, आधी ब्रश घेतो आणि बॉकच्या, म्हणजे जिथून खेळ सुरू होतो त्या, बाजूनं काळ्या बॉलच्या टोकाकडं, एकाच दिशेनं झाडत जातो. उलटा हात कधीच नाही, लव उलटी फिरते. मग टेबलाची जड इस्त्री तापवतो, उलट्या पंजानं तिचा अंदाज घेतो, जुन्या वर्तमानपत्रावर एकदा फिरवून कागद पिवळा पडतोय का बघतो, आणि बारा फूट लांब टेबल एका लयीत, न थांबता दाबत नेतो. कुठं क्षणभर थांबला तर कापडावर डाग पडला. इस्त्री झाली की खिशातून एक लाल बॉल काढतो, हलकेच सोडतो, आणि तो कुठं थांबतो ते नुसतं बघतो. कधी कधी मान हलवून पुन्हा इस्त्री तापत टाकतो. हे कौशल्य शिकवणारा एकही अभ्यासक्रम नाही, आणि मामाच्या मागं शिकणाराही कुणी नाही. त्याचा मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आहे. तो म्हणतो, बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची टेबलं पुसली.

आता कोल्हापूरच्या उदाहरणाकडं. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचं मैदान उभारलं, मल्लांना खुराक दिला, हे शाळेतली पोरंही सांगतील. पण महाराज गेले, संस्थान गेलं, आणि तरी कुस्ती उरली. आश्रयावर जगणारी गोष्ट आश्रय गेला की मरते असं म्हणतात. मग ही कशी जगली? कारण आश्रय फक्त वर नव्हता. पेठेपेठेत तालीम उभी राहिली आणि गावोगावच्या जत्रेत फड लागत राहिला.

फडाची रचना नीट बघा. दुपारी तीनला सुरुवात होते ती रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. आठ-नऊ वर्षांची पोरं लाल मातीत उतरतात, जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या किंवा नारळ. मग वीस रुपयांची, पन्नासची, शंभरची. ऊन कलेल तसा आकडा चढतो. पाचशे, हजार, पाच हजार. मधेच कुणाला तरी एखाद्या पोराचा डाव आवडतो आणि निवेदक माइकवरून सांगतो की अमुक पाव्हण्यांकडून या पैलवानाला दोनशे एक रुपये. अंधार पडता-पडता पहिल्या क्रमांकाची, लाखांची जोड. आणि इनाम हातोहात. पैलवान मातीतून उठतो, पंच त्याचा हात वर करतात, आणि गावचा पाटील किंवा सरपंच त्याच मातीत उभं राहून त्याच्या हातावर नोटा ठेवतो. रेनोसारखं हप्त्यानं देतो म्हणणारा माणूस त्या मैदानातून धड घरी जाणार नाही.

रेवडी ते लाख या शिडीला एकही पायरी कमी नाही. म्हणून आठ वर्षांच्या पोराला पुढची पायरी दिसते, आणि त्याच्या बापालाही. वडणगेतला किंवा आमशीतला मधल्या फळीचा मल्ल, जो कधीच महाराष्ट्र केसरी होणार नाही, तोसुद्धा हंगामात चार-पाच फड मारून खुराकाचा खर्च काढतो. व्यावसायिक खेळ जगतो तो या मधल्या माणसावर. फुटबॉलचंही तेच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा किंवा दिलबहार यांचा सामना लागला की पेठा तिकीट काढून येतात, बाहेरून, थेट आफ्रिकेतूनसुद्धा खेळाडू आणून त्यांना हंगामाचं मानधन देतात. त्यासाठी कुणा शेखची गरज पडली नाही. पेठेची इर्षा पुरली.

स्नूकरवाल्यांना हे थोडं तरी उमगलेलं दिसतं. 2022-23 च्या मोसमात व्यावसायिक दौऱ्यावरच्या खेळाडूला किमान वीस हजार पाउंडांची हमी दिली गेली. बक्षिसातून वळते होणार होते, म्हणजे उचलच म्हणा ना, पण पहिल्या फेरीत हरणारा माणूस निदान भाडं तरी भरेल हा विचार त्यात होता. जगज्जेत्याला पाच लाख पाउंड देणाऱ्या खेळाला तिथपर्यंत यायला इतकी वर्षं लागली. उचल देऊन शिडी होत नाही, पण निदान तळ असतो हे मान्य झालं.

या तुलनेवर माझे मित्र दोन आक्षेप घेतात. पहिला, हॉलमधली पैज. बरोबर आहे. हरणाऱ्यानं टेबलाचे पैसे द्यायचे हा सगळ्या हॉलांचा अलिखित नियम, आणि त्याच्या पुढं जाऊन एकेका फ्रेमवर, म्हणजे डावावर, पाचशे-हजार लावणारेही मी बघितलेत. एकानं त्यापायी गाडी विकली. मी हे झाकून ठेवणार नाही. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याचं कलम 13 निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट देतं, हे दाखवून काही हॉलवाले मिशीला पीळ देतात, पण खेळ कौशल्याचा असला तरी त्यावर लावलेल्या पैशाचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि गस्तीवरच्या हवालदाराशी कलमांवर वाद कोण घालणार? त्यामुळे हॉल तळघरात जातात, काचांना काळी फिल्म लागते, आणि काळी फिल्म लागली की बाहेरच्याला आत काहीतरी वाईटच चाललंय असं वाटतं. पोरगा पूल खेळतो म्हणजे वाया गेला. पण लपून लागणाऱ्या पैशाला उतारा एकच, उघड लागणारा पैसा. प्रवेश फी घ्या, बक्षीस फळ्यावर लिहा, निकाल फळ्यावर लिहा, काचेवरची फिल्म काढा. फडातही पैसाच लागतो की, पण तो हलगीच्या तालावर, बायाबापड्यांसमोर लागतो, म्हणून त्याला कुणी जुगार म्हणत नाही.

तळघर आणि फिल्म गेली तर मुलीही येतील. पुण्याच्या अरांता सांचिससारख्या खेळाडू आपल्याच राज्यात घडल्यात. आमच्या हॉलमध्ये आजवर तीन मुली आल्या, तिघी एकेक महिना टिकल्या. बाथरूमला कडी नाही. एवढंच कारण.

दुसरा आक्षेप, हा खेळ बघण्यासारखा नाही. हा मला मान्य नाही, निदान नाइन-बॉलच्या बाबतीत. एका रॅकला, म्हणजे एका डावाला, पाच-सात मिनिटं, नियम दहा वाक्यांत समजतो, सगळ्यात कमी आकड्याचा बॉल आधी लागला पाहिजे आणि नऊ नंबर घातला की जिंकला. बरोबरीचा खेळाडू असेल तर एका चुकीत सामना फिरतो. मॅचरूमनं युरोप विरुद्ध अमेरिका या स्पर्धेत प्रेक्षकांना ओरडू दिलं, आणि खेळ काही बुडाला नाही. शांतता हा जिमखान्याचा शिष्टाचार आहे, खेळाचा नियम नव्हे. कोल्हापूरच्या माणसाला तोंडाला कुलूप लावून बसवलं तर तो दुसऱ्यांदा येणार नाही.

हे सगळं बोलून झाल्यावर गप्प बसणं बरं दिसेना, म्हणून गेल्या श्रावणात आम्ही एका रविवारी रेवडीची कुस्ती लावून बघितली. दोन पूल टेबलं, चोवीस खेळाडू, तीन रॅक जिंकणारा पुढं. प्रवेश फी तीनशे, जमले सात हजार दोनशे. पहिल्याला तीन हजार, दुसऱ्याला दीड, उपान्त्य फेरीत हरलेल्या दोघांना साडेसातशे-साडेसातशे. उरले बाराशे, ते मामाला दिले. त्यानं घेतले, पण पाकीट दोनदा उघडून बघितलं. मालकानं टेबलं फुकट दिली. फळा दारात, रस्त्याच्या बाजूला लावला. संध्याकाळी पाचच्या सुमारास शेजारच्या टायरवाल्यानं दुकान अर्धं ओढलं आणि आत येऊन उभा राहिला, सातला त्यानं शंभर रुपये मला दिले आणि म्हणाला, "त्या उंच पोराला द्या, त्यानं मगाशी कुशनवरनं घातला ना सात नंबर, त्याचे." जाहीर करायला माइक नव्हता. मीच ओरडून सांगितलं.

लेथवरचा पोरगा फायनलला हरला. दीड हजार खिशात घालताना त्यानं पुण्याच्या पुढच्या स्पर्धेची तारीख विचारली.

रात्री हिशोबाला बसलो तेव्हा मालक गल्ल्यावर चष्मा लावून वही बघत होते. रविवारचा टेबलांचा धंदा बुडालाय, आता हा माणूस पुन्हा नाव काढणार नाही, अशी माझी खात्री होती. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात लावा. फकस्त एक करा, पयल्या फेरीत हरल्यात त्यांचा वेगळा डाव काढा. ती बारा पोरं चारलाच घरला गेली, चा कुणाला खपवू?"